इकडचं तिकडचं : बाल्कनीतला सिंह

मंडळी, मागच्या अंकात आम्ही इथल्या कचऱ्याच्या पिशव्यांबद्दल लिहिलं, त्यावर बऱ्याच जणांनी आपापल्या गावच्या पिशव्यांची गाऱ्हाणी कळवली. आभारी आहोत. ह्या खेपेचा विषय त्याहून लहान आहे, म्हणजे अक्षरशः लहान. करंगळीच्या नखाएवढा.

गेल्या वर्षीच्या जुलैतली गोष्ट. जपानी शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागते ती गृहपाठाची पिशवी बरोबर घेऊनच. त्यात 'जियू केन्क्यू' नावाचा एक प्रकार असतो. शब्दशः अर्थ 'स्वतंत्र संशोधन'. मुलाने आपल्या मनाचा विषय घ्यायचा, स्वतः निरीक्षण करायचं आणि सप्टेंबरात मोठ्या कागदावर मांडून वर्गात दाखवायचं. नाव भारदस्त असलं तरी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात हे संशोधन बहुतेक घरांतून आईबाप करतात, हे इथे मुलं असलेल्या वाचकांना सांगायला नको. आमचे चिरंजीव तेव्हा चौथीत. दोन वर्षं आम्ही त्यांच्या नावाने संशोधन केलं होतं (विषय : बर्फ कसा वितळतो, आणि बर्फ कसा वितळतो, भाग दुसरा). तिसऱ्या वर्षी मात्र चिरंजीव स्वतःच विषय घेऊन आले. तोफूच्या रिकाम्या डब्यात चार बोटं कोरडी माती आणि मातीत एक खड्डा.

"बाबा, ह्याच्यात कुणीतरी राहतंय."

आम्ही राहतो कावासाकीच्या तामा भागात, नोबोरितो स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटांवर. आमच्या इमारतीच्या मागे घरमालकीणबाईंचं जुनं लाकडी गोदाम होतं. बाई ऐंशीच्या पुढच्या. आम्ही त्यांना ओबाआसान म्हणतो, म्हणजे आजी. ह्यातला 'आ' लांबवायला विसरलात तर त्याची 'मावशी' होते. आम्ही पहिलं वर्षभर विसरत होतो आणि बाई खूष होत्या. तर त्या गोदामाची वळचण चांगली हातभर पुढे आलेली, तिच्याखाली पावसाचा थेंब पोचायचा नाही, आणि त्या पिठासारख्या मातीत दहा-पंधरा गोल खड्डे. नरसाळ्यासारखे, वर रुंद, खाली टोक. चिरंजीव त्यातलाच एक किडा उचलून घेऊन आले होते.

"आरिजिगोकु," ओबाआसान म्हणाल्या. आरि म्हणजे मुंगी, जिगोकु म्हणजे नरक. मुंग्यांचा नरक! बौद्ध देशातलं नाव, कुंभीपाकाची आठवण करून देणारं. शाळकरी मुलांपासून सगळ्यांना हा शब्द ठाऊक असतो.

आम्हाला मात्र शब्दाआधी चित्र आठवलं. वाईला आमच्या आजोळच्या वाड्याची पडवी. दुपारी मोठी माणसं लवंडलेली, आणि आम्ही पाच-सहा मामेमावसभावंडं पडवीच्या कडेला उकिडवी बसलेली. खड्ड्याच्या काठावर मुंगी सोडायची. ती घसरायची, चढायची, पुन्हा घसरायची, आणि तळातून कुणीतरी तिच्यावर मातीची फेक करायचं. मग क्षणात मुंगी गायब. गवताच्या काडीने कण सोडून आम्ही त्या किड्याला फसवायचो. तळहातावर घेतला की हा पठ्ठ्या उलटा चालायचा, पुढे कधी नाही. त्याला आम्ही नुसतं 'उलटा किडा' म्हणायचो. दुसरी नावं गावोगावी असतील, वाचकांनी जरूर कळवावीत. पुस्तकी मराठीत त्याला मुंगीसिंह म्हणतात, पण आम्ही वाडा सोडेपर्यंत ह्या सिंहाला सिंह म्हणून कुणी ओळखलं नव्हतं.

तेव्हा आम्ही मोठ्या ऐटीत चिरंजीवांना सांगितलं, "हा आपला जुना मित्र. ह्याचं शास्त्रीय नाव मायर्मिलिऑन. लिहून घे." ग्रीकमध्ये मायर्मेक्स म्हणजे मुंगी, लिऑन म्हणजे सिंह. लिनियसने हे प्रजातिनाम 1767 साली दिलं. एवढं आम्हाला ठाऊक होतं, आणि एवढ्यावर आम्ही थांबलो. चिरंजीवांनी वहीत नाव लिहिलं. संशोधन अर्ध्या तासात संपलं, असं आम्हाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ओबाआसाननी बातमी दिली. ऑक्टोबरात गोदाम पाडायचंय. लाकूड पोखरलं होतं, भूकंपात कधी बसेल नेम नाही. त्या जागी काँक्रीट घालून चार गाड्यांचं पार्किंग होणार. बाईंचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. त्या वयात गोदामाची डागडुजी कोण करणार? पण चिरंजीवांचा चेहरा उतरला. "मग हे सगळे?"

हे सगळे म्हणजे मोजून अकरा. तोफूच्या डब्यातला एक आणि वळचणीखालचे दहा. बाकीचे खड्डे रिकामे निघाले.

"त्यांना तामा नदीवर सोडू," चिरंजीव म्हणाले. नदी जवळच, वाळू हवी तेवढी. आम्हालाही पटलं. रविवारी सायकलवर डबे लादायचे, सोडून यायचं, येताना आइस्क्रीम. पण आमच्या सौ. ह्या घरातल्या खऱ्या शास्त्रज्ञ. त्या म्हणाल्या, "वळचणीखाली राहणाऱ्याला उघड्या वाळूत सोडून कसं चालेल? पहिल्याच पावसात वाहून जाईल. आधी तो कोण आहे ते तरी बघा."

आम्ही म्हटलं, "सांगितलं ना, मायर्मिलिऑन."

"ते तू न बघताच सांगितलंस," चिरंजीव म्हणाले.

इथून आमचं खरं संशोधन सुरू झालं. नगरवाचनालयातून कीटकांचा 'झुकान' आणला. झुकान म्हणजे मुलांसाठीचा सचित्र कोश. प्रत्येक जपानी घरात एखादा असतोच, आणि मोठ्या माणसांना लाज वाटावी इतकी त्यात माहिती असते. त्यातून पहिली गोष्ट कळली ती ही, की मुंगीसिंह हे एकाचं नाव नव्हे. जगात त्यांच्या सुमारे दोन हजार जाती आहेत. सगळे जालपंखी कीटकांच्या गणातले, मायर्मिलिऑन्टिडी ह्या एका कुळातले. त्यातले बरेचसे खड्डे करतच नाहीत! कुणी वाळूच्या पृष्ठभागाखाली नुसते दबा धरून बसतात, कुणी झाडांच्या ढोल्यांमधल्या भुश्श्यात. जपानात एक जात तर खडकावर दगडफुलात अंगाला दगडफूल लावूनच बसते आणि समोर आपणहून येईल त्याला धरते. आम्ही सगळ्या सिंहांना खड्ड्यातले समजत होतो, ते म्हणजे सगळ्या मराठी माणसांना पुण्याचे समजण्यापैकी झालं.

जपानात नरसाळं करणाऱ्यांच्या प्रजाती मुख्यतः दोन. एक आमची मायर्मिलिऑन. तिच्यातल्या एका जातीला जपानीत कोउसुबाकागेरो म्हणतात, दुसरीला कुरोकोउसुबाकागेरो. ही दुसरी नदीकाठच्या आणि समुद्रकाठच्या उघड्या वाळूत, उन्हात राहणारी. दुसरी प्रजाती म्हणजे साध्या, बिनविशेषणाच्या उसुबाकागेरोची. ती देवळांच्या जोत्याखाली, घरांच्या वळचणीखाली, झाडांच्या मुळांशी, जिथे पाऊस पोचत नाही अशा कोरड्या आडोशाला. म्हणजे सौ.चं बरोबर होतं. कोणत्या प्रजातीचा, ह्यावर त्याला नदीवर न्यायचं की नाही ते ठरणार होतं.

इथे थोडं विषयांतर. मराठीत 'प्रजाती' हा शब्द हल्ली वर्तमानपत्रवाले कशालाही लावतात. शास्त्राच्या पुस्तकांत प्रजाती म्हणजे आडनाव आणि जाती म्हणजे स्वतःचं नाव. लिनियसची पद्धत आडनाव आधी, नाव नंतर. आपल्याला हे उलटं वाटतं, पण इथल्या शाळेत चिरंजीवांना रोज आडनावानेच हाक मारतात आणि त्यांच्या पुस्तकांवरही आडनावच आधी. तेव्हा प्रजाती म्हणजे काय हे त्यांना आमच्या आधी कळलं.

आता ओळखायचं कसं? अळी सगळ्यांची थोडीफार सारखीच. राखी, मळकट, पोट फुगीर, मान बारीक, डोकं चपटं आणि डोक्यापुढे कोयत्यासारखे दोन वाकडे जबडे, आतल्या बाजूला दाते असलेले. ह्या जबड्यांची गंमत अशी की वरचा जबडा आणि खालचा जबडा एकमेकांवर बसून प्रत्येक बाजूला एकेक नळी तयार होते. चावायचं काहीच नाही. टोचायचं, पाचक रस आत सोडायचा आणि पातळ झालेलं शोषून घ्यायचं. उरलेलं टरफल डोक्याच्या एका झटक्याने खड्ड्याबाहेर. जाती ओळखणारे तज्ज्ञ डोक्याच्या खालच्या बाजूचे काळे ठिपके, अंगावरच्या केसांचे झुबके आणि शेवटच्या खंडावरचे खणायचे काटे बघतात. आम्ही काचेच्या बशीत अळी ठेवली, बशी उचलून खालून भिंगाने पाहिलं. अळीने मेल्याचं सोंग घेतलं. ठिपके दिसले, पण ते कुठल्या चित्रातल्यासारखे आहेत ह्यावर बाप-लेकांचं एकमत होईना. चिरंजीवांनी चित्र काढलं आणि त्याखाली लिहिलं, 'बाबा म्हणतात दोन, मला चार दिसतात.' वहीतलं मायर्मिलिऑन खोडून तिथे त्यांनी प्रश्नचिन्ह घातलं. आमच्या पदव्यांचा मान राखून पेन्सिलीने खोडलं, एवढंच.

मग एका शनिवारी इकुता र्योकुचीतल्या निहोन मिंकाएनला गेलो. तोक्योकडच्या वाचकांपैकी ज्यांनी हे पाहिलं नसेल त्यांनी जरूर पाहावं. जपानभरची जुनी शेतकऱ्यांची घरं उचलून आणून डोंगराच्या कुशीत पुन्हा उभी केली आहेत. हे संग्रहालय 1967 साली उघडलं आणि तिथे पंचवीसेक इमारती आहेत. मातीची जमीन, गवताची जाड छपरं, चुलीचा धूर. वाईच्या वाड्याची इतकी आठवण आम्हाला वाईतही येत नाही. चिरंजीव घरं बघतच नव्हते. ते प्रत्येक वळचणीखाली वाकून चालले होते. एका घराच्या कडेला सापडले, ओळीने खड्डे. तिथून काही उचलायचं नाही, नुसतं बघायचं. पण आमच्या गोदामाची जागा आणि ही जागा अगदी एकासारखी एक, हे डोळ्यांना पटलं. नदी बाद झाली.

घरी मात्र वेगळाच खटला उभा राहिला. डब्यांतल्या सिंहांना खायला काय? अर्थात मुंग्या. चिरंजीव रोज संध्याकाळी कागदावर मुंग्या गोळा करून एकेका खड्ड्यात सोडत. हे त्यांनी व्हिडिओवर साताऱ्याच्या आजीला मोठ्या कौतुकाने दाखवलं. आमच्या मातोश्री रोज सकाळी तुळशीपाशी मुंग्यांना चिमूटभर साखर घालतात. गेली पन्नास वर्षं एक दिवस खाडा नाही. त्या फोनवर क्षणभर बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "अरे, मुंग्यांना घालायचं, का मुंग्या घालायच्या? काय शिकवताय पोराला तिकडे?"

आम्ही शास्त्र सांगितलं. सिंहाने सिंहासारखंच खायचं, साखर त्याला चालत नाही, हलणारं भक्ष्यच लागतं वगैरे. मातोश्री म्हणाल्या, "त्याला देवाने दिलंय ते तो खाईल. तो आपल्या खड्ड्यात बसून खात होता तेव्हा तू कुठे मध्ये पडलास? आता धरून आणलास म्हणजे पाप तुझ्या हाताने." ह्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. शेवटी तोडगा आजी-नातवांनी परस्पर काढला. एक मुंगी सिंहाला, तर दहा मुंग्यांना साखर. चिरंजीवांनी हिशेबाची वेगळी वही केली. चार दिवसांत बाल्कनीतून मुंग्यांची रांग लागली, ती खालच्या मजल्यावर पोचली आणि ओबाआसान चौकशीला आल्या. कारण ऐकल्यावर त्या इतक्या हसल्या की खाली बसाव्या लागल्या. पुढे आठवड्यातून दोनदाच खाऊ घालायचं ठरलं, आणि तेवढं पुरतं. हे किडे आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकतात. बसून वाट पाहणाऱ्याला ते जमावंच लागतं. अळीची अवस्था म्हणूनच लांबते. खाणं कसं मिळतं त्यावर एक वर्ष, दोन, कधी तीनही.

ह्या खड्ड्याबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण ऑगस्टचा अर्धा महिना आम्ही तेच बघत होतो. कोरडी वाळू एका ठराविक उतारापर्यंतच उभी राहते, साधारण तीस-पस्तीस अंश. त्याहून उभी केली की घसरते. सिंह आपला खड्डा नेमका त्या सीमेवर ठेवतो. तिथे मुंगीचं वजनसुद्धा जास्त. खणताना तो उलटा चालत वर्तुळं घेत आत आत येतो आणि डोक्याने माती उडवतो. जाड कण दूर फेकले जातात, बारीक उतारावर राहतात, म्हणून भिंत जास्तच निसरडी. रात्री खड्डा पुसून टाकला तर सकाळी नवा तयार. चिरंजीवांनी चहाच्या गाळणीने चाळून एका डब्यात बारीक आणि दुसऱ्यात जाड वाळू घातली. बारीक वाळूतला खड्डा देखणा झाला. जाड वाळूतल्याने दोन दिवस नाराजी दाखवली आणि मग जेमतेम एक वाटी केली. (गाळणीबद्दल सौ. काय म्हणाल्या ते इथे देत नाही.)

विषाची गोष्टही झुकानच्या पलीकडची आहे. 2001 साली जपानी संशोधकांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की मायर्मिलिऑनच्या उघड्या वाळूतल्या जातीच्या लाळेत जे जंतू राहतात, त्यांचं एक प्रथिन झुरळाला लुळं पाडतं. तसंच प्रथिन माणसाच्या आतड्यातल्या इ. कोलाय जंतूतही असतं, ते मात्र किड्यांना काही करत नाही. मोजक्या ठिकाणी किंचित बदललं की तेही विषारी होतं. म्हणजे सिंहाचं विष सिंहाचं नाहीच, पोटातल्या भाडेकरूंचं आहे.

आणि आता ज्या मुद्द्याने चिरंजीवांचं संशोधन तरलं तो मुद्दा. नाजूक आहे, जेवताना वाचू नये. ह्या अळीचं आतडं मध्येच बंद असतं. घन विष्ठा बाहेर टाकायला वाटच नाही. सगळं साठवून ठेवायचं आणि पंख फुटल्यावर एकदाच काय ते टाकायचं. मागच्या टोकाला जे द्वार आहे त्यातून काय निघतं? रेशीम, कोश विणायला. ह्यावरून पुस्तकांतून असंही लिहिलं जायचं की अळी मूत्रसुद्धा टाकत नाही. कावासाकीतून समुद्राखालून आणि समुद्रावरून एक रस्ता पलीकडच्या चिबा प्रांतात जातो, 1997 साली झालेला. त्या चिबातल्या प्राथमिक शाळेतल्या एका मुलाने आपले मुंगीसिंह नीट पाहिले, तर त्यांच्या मागच्या टोकातून पिवळसर द्रव बाहेर येताना दिसला. 2010 साली ही गोष्ट वर्तमानपत्रांतून आली. मोठ्या माणसांच्या पुस्तकातलं वाक्य एका पोराच्या सुट्टीच्या गृहपाठाने खोटं ठरलं. चिरंजीवांना हे कळल्यापासून ते डब्याखाली पांढरा टिपकागद घालून बसू लागले. तिसऱ्या दिवशी कागदावर पिवळा डाग. रात्री साडेअकराला आम्हाला उठवून दाखवला. आम्ही आयुष्यात इतक्या आनंदाने मूत्र पाहिलेलं नाही.

सप्टेंबरात कागद वर्गात लागला. मथळा : 'आमच्या आरिजिगोकुचं आडनाव अजून कळलेलं नाही.' बाईंनी लाल शाईने फुलाचा शिक्का दिला.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, यंत्र यायच्या दोन दिवस आधी, अकरांपैकी नऊ आम्ही जवळच्या छोट्या शिंतो देवळात नेले. ओबाआसान स्वतः बरोबर आल्या. पुजारीबुवांना त्यांनी काय सांगितलं ते आम्हाला पूर्ण कळलं नाही, पण बुवांनी हसून जोत्याकडे हात केला. लाकडी जोत्याखाली कोरडी माती, बसायला ओंजळभर अंतर. गोदामापासून जेमतेम दीडशे पावलं, म्हणजे मोहल्ला तोच. उलटे चालत एकेक जण मातीत बुडाला. ओबाआसान टाळी वाजवून देवापुढे वाकल्या, आणि घरी येताना एकदम म्हणाल्या की लहानपणी त्यांचा भाऊ आणि त्या ह्याच गोदामाखाली मुंग्या सोडायच्या. आम्हाला इतकी वर्षं त्यांना भाऊ होता हेच माहीत नव्हतं.

गोदाम एका सकाळीत पडलं.

दोन अळ्या बाल्कनीत राहिल्या, आडनाव कळण्यासाठी. हिवाळाभर त्या निपचित. चिरंजीव रोज डबा बघत, आम्ही दर आठवड्याला 'गेले बहुधा' म्हणत असू. मार्च अखेरीला एकाने खड्डा केला, मग दुसऱ्याने. मेच्या शेवटी एक खड्डा बुजला तो बुजलाच. चिरंजीवांनी चमच्याने उकरलं तर वाळूची एक गोळी, सुपारीएवढीही नाही, गुळगुळीत गोल. बाहेरून वाळू, आतून रेशमी अस्तर. तसाच परत पुरला आणि डब्यात उभी काडी खोचली, बाहेर येणाऱ्याला चढायला काहीतरी लागतं म्हणून.

जूनच्या अखेरीस, बाहेर पावसाळी झड, रात्री साडेनऊच्या सुमारास काडीवर काहीतरी ओलं, चुरगळलेलं लटकलेलं दिसलं. तासाभरात त्याचे चार पंख ताणले गेले. लांब, पारदर्शक, शिरांच्या बारीक जाळीचे. अंग काडीसारखं सडपातळ. कुणी म्हणेल चतुर किंवा टाचणी. पण चतुराच्या मिशा केसासारख्या बारीक, ह्याच्या ठळक आणि टोकाला गदेसारख्या जाड. शिवाय बसताना हा पंख कौलांसारखे पाठीवर उतरते ठेवतो. आणि मग त्याने पुस्तकात लिहिलेलं काम केलं. दोन वर्षांचं साठवलेलं, तांदळाच्या कणीएवढं, एकदाच टाकलं. चिरंजीवांनी ते काडेपेटीत ठेवलं आहे. सौ.ना सांगितलेलं नाही, हा अंक घरी येईल तेव्हा पाहू.

पंख पसरलेले असताना मोजले ते जवळपास आठ सेंटिमीटर. मायर्मिलिऑनच्या नावातला 'को' म्हणजे लहान. हा त्या मानाने मोठा. नुसत्या आकारावर भरवसा नको म्हणून फोटो शाळेतल्या किडेवाल्या सरांना दाखवले. त्यांनी पंख, पाय, मिशा पाहिल्या आणि सांगितलं : उसुबाकागेरो. म्हणजे मायर्मिलिऑन नव्हे. वहीतलं प्रश्नचिन्ह खोडून आडनाव लिहायची वेळ आली, तर तिथेही पेच! 1875 साली मॅक्लाक्लन ह्या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने ह्या जातीचं वर्णन केलं. वाचनालयातल्या जुन्या पुस्तकात तिचं आडनाव हागेनोमिया, नव्या यादीत बालिगा. किडा तोच, जाती मिकान्स तीच. तज्ज्ञांनी भावंडं नव्याने तपासली आणि ह्याला दुसऱ्या घरात नेलं. सौ. मूळच्या मंगळूरकडच्या, त्यांचे शेजारी बाळिगा. त्यांना ते ऐकून इतकं हसू आलं की काडीवरचा पाहुणा दचकून उडाला आणि पंख्यावर जाऊन बसला.

जपान्यांनी ह्याला 'पातळ पंखांचा कागेरो' म्हटलं ते मात्र आम्हाला थोडं पटत नाही. कागेरो म्हणजे एक दिवसाचे किडे, क्षणभंगुरतेची खूण. आमचा हा त्यांच्या कुळातला नाही, आणि जगतोही काही आठवडे. ह्याच्या जालपंखी चुलतभावाची, हिरव्या कुसाकागेरोची अंडी केसासारख्या देठावर उभी असतात. ती दिव्यावर, छतावर दिसली की जुने लोक म्हणतात 'उदोंगे' फुललं. तीन हजार वर्षांनी एकदा फुलणारं फूल. उदोंगे म्हणजे आपलं संस्कृतातलं उदुंबर! नरसोबाच्या वाडीचा औदुंबर चीनमार्गे इथे किड्याच्या अंड्यांपर्यंत पोचलेला आहे. मातोश्रींना हे सांगितल्यावर मुंग्यांचा गुन्हा बराचसा माफ झाला.

पाहुण्याला त्याच रात्री छत्री घेऊन देवळाच्या झाडीत सोडलं. दुसरा अजून डब्यात आहे, ह्या वर्षी कोशात जाईलसं दिसत नाही.

परवा देवळाच्या जोत्याखाली विजेरी मारून खड्डे मोजले. आम्हाला सात दिसले, चिरंजीवांना बारा. नऊ सोडले होते. दोन-तीन ह्या उन्हाळ्यात उडून गेले असतील हे धरलं तर सात ठीक आहे, पण बारा कुठून आले? चिरंजीवांचं म्हणणं की लहान खड्डे आम्हाला चष्म्याशिवाय दिसत नाहीत, आणि ते लहानच नवे आहेत. रविवारी चष्मा लावून परत जायचं ठरलं आहे. ओबाआसानही येणार आहेत.